दरज

महापालिकेच्या अर्जात एक चौकट असते:
'यापूर्वी केलेली कामे, सद्यःस्थितीसह.'
सद्यःस्थितीला त्यांनी दीड इंच जागा सोडलीय.

पहिली, इंदोऱ्यातल्या शाळेची भिंत.
मी चोवीस वर्षांची. मानधन बाराशे,
त्यातले आठशे मिळाले.
टाइल्सना पैसे नव्हते म्हणून दारोदार फिरले,
फुटकं काही आहे का हो, काकू?
बश्या मिळाल्या, लग्नातल्या आहेराचा अर्धा डिनरसेट,
हंसापुरीच्या कासाराकडून पोतंभर बांगड्या,
आणि एका घरून तडकलेला कमोड.
त्याचे ढग केले.
मुलं अजून त्या ढगांखाली प्रार्थना म्हणतात,
मी कुणाला सांगितलेलं नाही.

बिसाहू मिस्त्री तिथंच भेटला.
बिलासपूरकडचा, पारडीत खोली.
माझं रेखाटन उलटंसुलटं करून बघितलं न् म्हणाला,
"चित्तर तो बने हे बाई, फेर दरज कहाँ हे?"
दोन तुकड्यांमध्ये जागा लागते.
नाहीतर मे महिन्यात, सत्तेचाळीस डिग्रीत,
भिंत फुगते आणि चित्र थुंकून टाकते.
कॉलेजच्या पाच वर्षांत
हे वाक्य कुणी उच्चारलं नव्हतं.

मग मेडिकलच्या ओपीडीपाशी मासे.
निळ्या काचेचे, रांगेच्या उंचीला.
तापातली माणसं त्यांना कपाळ टेकवून उभी राहतात,
गार लागतं म्हणून.
सद्यःस्थिती: तेलकट.
वॉर्डबॉय म्हणाला, ॲसिडनं साफ करून देऊ का?
मी त्याला चहा पाजला आणि नको म्हटलं.

मधली सात-आठ वर्षं या चौकटीत येत नाहीत.
बिल्डरांच्या बाथरूममध्ये डॉल्फिन लावले,
एका मंगल कार्यालयात मोर, दोन वेळा,
कारण पहिल्याचं तोंड
वधूपक्षाकडे नव्हतं.
बोटांच्या रेषा तेव्हाच गेल्या असाव्यात.
रेशनच्या मशीनवर माझा अंगठा उमटत नाही,
मशीन म्हणतं, पुन्हा प्रयत्न करा.

आणि कळमन्याच्या रस्त्यावरची भिंत.
चाळीस फूट. मला उन्हाळा करायचा होता:
मनसरचं काळं मँगनीज, कोराडीची राख,
जुन्या कूलरच्या जाळ्या, मोटारींची तांब्याची तार.
नगरसेवक म्हणाले, "संत्री टाका न मॅडम,
संत्र्याबिगर नागपूर कसं कळंन?"
टाकलं एक. सोललेलं.
एक फोड कमी ठेवली.
ती त्यांची, असं बिसाहू म्हणाला, आणि खोकेपर्यंत हसला.

भिंत सहा वर्षं टिकली. रस्ता रुंद होणार होता.
रात्री दोनला चौकीदाराचा फोन आला,
स्कूटरवर पोचेस्तोवर टिपर भांडेवाडीला निघून गेले होते.
खाली फक्त तारा, वाकलेल्या.
बिसाहूनं एक उचलली, सरळ केली, खिशात घातली.
त्या दिवाळीला तो गावी गेला.
मुलगा फोनवर सांगतो, छातीत धूळ हे,
अब नई आही.

परवा कळमन्यातच एका टपरीवर थांबले.
चहा ठेवायचा ओटा माझ्याकडे बघत होता.
संत्र्याच्या तीन फोडी, उलट्या. मँगनीजचा एक पट्टा.
मधेमधे कुठल्या बेसिनचे गुलाबी तुकडे.
"कोणी लावलं, दादा?"
"मीच. माल पडून होता न इथं."
तुकड्याला तुकडा खेटलेला, सुईसुद्धा जाणार नाही.
म्हटलं, दरज सोडली नाही तुम्ही,
मे महिन्यात उखडेल.
तो कपबश्या विसळत होता.
"उखडलं त उखडलं. पुन्हा लावू न बाई."

चौकटीत लिहिलंय: टपरीवर, वापरात.
सोबत फोटो जोडावा, अशी अट आहे.
फोटोत टपरीवाला हलला आहे,
आणि तर्री-पोह्यांची कुणाची तरी बशी
बरोब्बर संत्र्यावर आलीय.